पेटी थांबली नाही

न्यूयॉर्कचं ते थिएटर मला अजून स्वप्नात दिसतं. लाल खुर्च्या, सोनेरी छत आणि निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या. ते म्युझिकल त्याच आठवड्यात बंद होणार होतं. शेजारी काकू बसल्या होत्या. आम्ही दोघी रेडमंडहून फिरायला आलो होतो; तिथे त्या आमच्याच गल्लीत राहायच्या. रिटायर्ड डॉक्टर, तरुणपणी नागपुरात संगीत नाटकांतून कामं केलेल्या.

रंगमंचावर एकाहून एक गळे होते. गाण्यागणिक अंगावर काटा यायचा, आणि तरी मध्यंतराच्या आधीच मला जांभया येऊ लागल्या. बाहेर पडताना मी विचारलं, "काकू, एवढी तयारीची माणसं, मग हे पडलं का हो?"

"गातात सगळे सुरेख गं," त्या म्हणाल्या, "पण कुणी कुणाचं ऐकत नव्हतं."

मी मान डोलावली. मला वाटलं, मला कळलं.

त्या वर्षी रेडमंडच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीसाठी मी छोटं संगीत नाटक लिहिलं, ते खरं तर काकूंसाठी. डिसेंबरात त्या लेकीकडे दूर चँडलरला कायमच्या जाणार होत्या. त्याआधी एकदा त्यांना रंगमंचावर गाताना मला ऐकायचं होतं. त्यांना विचारलं, तर सत्तरी ओलांडलेल्या बाई चक्क लाजल्या.

गाणारे हवे तितके मिळाले, तालमीला मात्र कुणी मिळेना. कुणाचं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज, कुणाच्या मुलाचं सॉकर. "यार, तू ट्रॅक पाठव ना, मी ड्राइव्ह करताना प्रॅक्टिस करतो," हे प्रत्येकाचं पालुपद. मग मीच शक्कल लढवली. पेटी-तबला रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवून दिला. काकूंनी एकदाच विचारलं, "प्रयोगालाही पेटीवाला नसणार का गं?"

"काकू, ट्रॅक जास्त सेफ आहे," मी म्हणाले. केवढी शहाणी मी!

त्या दिवसांत सकाळी ऑफिसला जाताना धुक्यात गाड्यांचे दिवे सरकत असायचे. यातल्या कुठल्या तरी काचेआड आत्ता माझं नाटक गायलं जात असेल, असं वाटून मी तरंगत असे. एकदा तर एक्झिटसुद्धा चुकले.

प्रयोगाच्या दुपारी सगळे बिनचूक गायले, आणि सगळे सरळ समोर बघत गायले, जणू अजून गाडीच चालवत होते. नायक प्रेमाची कबुली देत होता आणि नायिका मनातल्या मनात स्वतःच्या गाण्याच्या मात्रा मोजत होती. मागच्या रांगा हळूहळू जेवणाकडे सरकू लागल्या.

मग काकू आल्या. दुसऱ्याच ओळीत एका सुरावर त्या थांबल्या. तो सूर इतका निवांत लागला, की हॉलमधली कुजबुज बंद झाली. सवयीने त्यांनी डाव्या हाताला पाहिलं. त्यांच्या काळी तिथे पेटीवाला बसायचा, त्यांचा सूर पुरा होईपर्यंत वाट बघत. इथे स्पीकर होता, आणि ट्रॅक केव्हाच पुढे निघून गेला होता. काकूंनी त्याला गाठायचा एकदा प्रयत्न केला. मग त्या गप्प झाल्या आणि पेटी संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी त्यांना घरी सोडताना मला रडू आवरेना. "काकू, तुमचं गाणं मी घालवलं."

त्यांच्या दाराशी मी इंजिन बंद केलं. काचेवर पाऊस पाझरत होता, आणि बाहेरचं घर, दिवा, मेपलचं झाड सगळं पाण्यात विरघळल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात काकूंनी तीच ओळ सुरू केली. त्याच सुरावर येऊन त्या थांबल्या आणि त्यांनी डावीकडे पाहिलं.

आता तिथे स्टिअरिंगवर हात ठेवून मी बसले होते. मी वाट बघत थांबले, आणि काकूंनी त्यांना हवा तेवढा वेळ घेतला.