पालकाच्या रकान्यात मोठेबाबा

हॉस्टेलवर रविवारी केसांना तेल लावायला बसलं की मैत्रिणी म्हणतात, "पल्लवी, तुझ्या मोठेबाबांचं सांग ना काहीतरी." आता काय काय सांगू? बाकीच्या पोरींचा शिष्यवृत्तीचा फॉर्म एका दुपारी भरून होतो. माझा फॉर्म भरायला घेतला की त्यात एक कोर्ट, एक तलाठी, एक जमू घातलेलं लग्न आणि अर्धं कामरगाव येतं. असं दरवर्षी. किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

नवीन पोरींसाठी आधीच सांगते. मी पहिलीत असताना आईबाबा अपघातात गेले. तेव्हापासून बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठेबाबा, आणि मोठी आई यांच्याकडे मी वाढले. घरची शेती पोटापुरती. वाशीमच्या कॉलेजची आणि हॉस्टेलची फी शिष्यवृत्ती मिळाली तरच भरता येते. नाही मिळाली तर मी परत कामरगावात.

*

बाबांचं शेत माझ्या नावावर व्हायचं होतं, त्यासाठी कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागला. मला त्या दिवशीचं थोडंच आठवतं, बाकीचं मोठी आई सांगते.

जजसाहेबांनी मला जवळ बोलावून प्रेमानं विचारलं, "बाळा, तुला कुणाजवळ राहायला आवडेल?"

मी म्हटलं, "कालवडीजवळ."

सगळे हसले. मोठेबाबांना मात्र घाम फुटला. सहा वर्षांच्या पोरीला घरच्या माणसांपेक्षा जनावर जवळचं वाटतं, असं साहेबांना वाटलं तर? साहेबांनी पुन्हा विचारलं, "कुणाची आहे कालवड?" मी मोठेबाबांकडे बोट दाखवलं. काम झालं.

*

कोर्टाचा तो आदेश मोठेबाबांनी फ्रेम करून घेतला. देवघराच्या वरच्या भिंतीवर लावला. दसऱ्याला त्यालाही हार असतो.

कॉलेजात पहिल्या वर्षी मी फोन करून सांगितलं की आदेशाची झेरॉक्स लागते. दुसऱ्या दिवशी मोठेबाबा दोन एसट्या बदलून वाशीमला हजर. काखेत चादरीत गुंडाळलेली काचेची फ्रेम. झेरॉक्सवाला म्हणाला की कागद बाहेर काढून द्या, मोठेबाबा म्हणाले की मागून खिळे ठोकले आहेत, काढला तर फाटेल. बिचाऱ्यानं फ्रेमच मशीनवर उपडी ठेवली. कागदाच्या चारी बाजूंनी नक्षीची वेलबुट्टी छापून आली.

शिष्यवृत्तीच्या टेबलावर राऊत सर बसतात. सरांनी ती झेरॉक्स हातात घेतली, उलटसुलट केली आणि मला विचारलं की ही कुणाची लग्नपत्रिका आहे.

*

फॉर्मला नंबर मोठेबाबांचा दिलेला. म्हणजे ओटीपी त्यांच्या फोनवर. आणि नेमकं त्याच आठवड्यात गावात बँकेच्या माणसानं सभा घेऊन सांगितलं होतं की ओटीपी कोणालाही सांगू नका.

मी नेट कॅफेतून फोन केला. मोठेबाबा म्हणाले, आला आहे, पण सांगत नाही. मी म्हटलं, अहो, मी पल्लवी बोलतेय.

"आवाज तुयाच हाये. पण चोर बी आवाज बदलून बोलते म्हणे. सांग बरं, तुया मोठ्या आईनं आज सकाळी काय भाजी केली?"

"मले कसं मालूम? मी वाशीमले आहो ना."

"मंग ठेव फोन."

शेवटी शनिवारी मी गावी गेले. मोबाईलवर फॉर्म उघडून माजघरात त्यांच्या शेजारी बसले. ओटीपी आला तसं त्यांनी उठून दार लावलं, मग माझ्या कानात एकेक आकडा सांगितला. घरात तेव्हा मोठी आई सोडून कोणी नव्हतं.

*

मग उत्पन्नाचा दाखला. पालक मोठेबाबा, म्हणून उत्पन्नही त्यांचंच धरायचं.

त्या वेळी रवीदादाचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, लग्न जमत होतं. आसेगावची मंडळी घर बघायला आली होती. मोठेबाबा त्यांना गाव दाखवत होते आणि वाटेत तलाठी कार्यालय लागलं. आलोच आहोत तर दाखल्याचं काम करून घेऊ म्हणून सगळे आत शिरले. तलाठीभाऊंनी सर्वांदेखत विचारलं की उत्पन्न किती लिहायचं. आता मुलीचा बाप शेजारी उभा. मोठेबाबांनी सोयाबीन सांगितलं, तूर सांगितली, दुधाचं सांगितलं. नसलेली संत्र्याची बागही सांगितली म्हणतात.

दाखला असा काही भरभक्कम आला की राऊत सर म्हणाले, एवढं उत्पन्न असेल तर काकांनीच कॉलेजला मदत करावी. माझा अर्ज परत.

मी दोन दिवस रडले. मोठी आई शांत होती. तिनं साखरपुडा होऊ दिला, मग पदर खोचला आणि एकटीच तलाठ्याकडे गेली.

"भाऊ, सोयरीक जमली. आता खरं लिवा."

*

मोठ्या आईचं राऊत सरांशीही एकदा वाजलं. सर चांगल्या मनानं म्हणाले होते की हिला अनाथ प्रमाणपत्र मिळत असेल तर बघा, त्याच्या वेगळ्या सवलती असतात. मोठी आई खुर्चीवरून उठलीच. मी तिला बाहेर नेलं, चहा पाजला, समजावलं की सर फक्त कागदाचं बोलत होते. तिला ते पटलं. तरी बस लागायच्या आधी ती पुन्हा आत जाऊन सरांना सांगून आलीच.

"साहेब, पोरीच्या डोक्याले म्या तेल लावलं हाये. तुमी कायले अनाथ म्हणता?"

त्यानंतर सर तिला बघितलं की आधी नमस्कार करतात.

*

आणि हा यंदाचा.

मला अठरा पूर्ण झाली. अर्ज पुन्हा भरायला गेले तर राऊत सरांनी आदेशाची ती वेलबुट्टीवाली झेरॉक्स काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: मुलगी सज्ञान होईपर्यंत. म्हणजे मोठेबाबा आता माझे पालक नाहीत. पालकत्व संपलं, असं त्यांनी लिहून सही करून द्यायचं. मग अर्ज माझ्या एकटीच्या नावानं पुढे जाणार.

मी फोनवर सांगितलं. मोठेबाबा म्हणाले,

"कोर्टानं देल्लेली पोरगी वापस मागून राह्यलं काय कोर्ट?"

आणि फोन ठेवून दिला. पुढचा आठवडाभर उचललाच नाही. मोठी आई सांगायची की नीट जेवत नाहीत, शेतातच बसून असतात, सहीचं नाव काढलं की उठून जातात. इकडे शेवटची तारीख जवळ येत होती. खरं सांगू? वर्ष जाणार म्हणून मला भीती वाटत होती, आणि ते सही करत नाहीत म्हणून आतून बरंही वाटत होतं. दोन्ही एकदमच.

शेवटच्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधी मोठेबाबा फाटकापाशी उभे होते. इस्त्रीचा सदरा, टोपी. फाटक उघडताच मला घेऊन थेट आत गेले. सरांसमोर बसले आणि म्हणाले, वाचून दाखवा. सरांनी वाचलं. पुन्हा वाचा म्हणाले. सरांनी पुन्हा वाचलं.

"याच्यात पोरगी सोडून देल्ली असं कुठं लिवलं नाई ना?"

"नाही काका. फक्त ती मोठी झाली, एवढंच लिहिलंय."

मोठेबाबांनी पेन घेतलं. त्यांची सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. मला ते बघवेना, मी खिडकीकडे बघत राहिले. सही झाली तसा सरांनी शिक्का मारला. त्यांना बिचाऱ्यांना काहीतरी बरं बोलायचं होतं. म्हणाले, "झालं काका. आजपासून कायद्यानं तुमची जबाबदारी संपली."

मोठेबाबांनी पेनाला टोपण लावलं, पेन सरांच्या पुढ्यात ठेवलं आणि उठले.

"बरं झालं. आतापावतर कोर्टाच्या हुकमानं सांभाळली. आता बिनहुकमाची सांभाळतो."