सगळ्यांचेच कान गेले त्या वर्षी

चष्म्याच्या दुकानातल्या काकू गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे असं टक लावून बघत, की नवखं माणूस अवघडून जाई. जुन्या गिऱ्हाइकांना मात्र त्याचं कौतुक होतं. "काकूंसारखा चष्मा दुसरं कुणी बसवूच शकत नाही. आधी चेहरा वाचतात, मग फ्रेम काढतात!"

काकू हसून मान डोलावत. चेहरा त्या वाचत होत्या हे अगदी खरं. फक्त नाकाची रुंदी आणि कानांची उंचीच नव्हे, ओठसुद्धा. सात वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही कान हळूहळू मिटत गेले होते आणि ही गोष्ट त्यांनी कुणाजवळही काढली नव्हती. नवऱ्याजवळसुद्धा नाही.

काढणार तरी कशी? त्यांच्या आधी काउंटरवर ज्या बाई होत्या, त्यांचा गुडघा कामातून गेला तेव्हा मालकांनी त्यांना आतल्या खोलीत, चष्म्याच्या डब्या पुसायला बसवलं. चांगुलपणानेच बसवलं हो, पण तीन महिन्यांत त्या बाई नोकरी सोडून गेल्या. काकूंना काउंटर सोडायचा नव्हता. गरम हवेपुढे धरून काडी मऊ करायची, तिला कानामागे बेताचा बाक द्यायचा, नाकावरच्या गाद्या केसभर आत-बाहेर करायच्या, आणि मग पहिल्यांदाच चष्मा लावणाऱ्या माणसाला समोरचं कॅलेंडर लख्ख दिसलं की त्याचा जो चेहरा होतो, तो बघायचा. यात त्यांचा जीव अडकला होता. कानामागचं यंत्र? छे! ज्या दुकानात येणारं प्रत्येक माणूस आरशात कानच बघतं, तिथे ते लपवणार कुठे?

मग साथ आली. दुकानाला कुलूप लागलं, आणि शाळेची बस चालवणारे काका लग्नानंतर पहिल्यांदाच सलग घरात सापडले. दोन खोल्या, दोन माणसं. लपवालपवी टिकली ती मोजून आठ दिवस.

नवव्या दिवशी सकाळी काकू भांडी विसळत होत्या. मागे दारात उभे राहून काका काहीतरी विचारत होते. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. मग त्यांनी शेल्फवरचं स्टीलचं ताट उचललं आणि दाणकन फरशीवर आदळलं. शेजारणीने खिडकी उघडून डोकावून पाहिलं. काकू आपल्या शांतपणे पेले पालथे घालत होत्या.

काका समोर येऊन उभे राहिले. "किती दिवस झाले याला?"

"कशाला?"

"वेड पांघरू नकोस."

काकूंनी हात पुसले. "सात वर्षं."

काका तिथेच फरशीवर, त्या ताटाशेजारी फतकल मारून बसले. "म्हणजे मी मागून हाक मारली की तू ढिम्म उभी राहायचीस, ते..."

"मला ऐकूच येत नव्हतं."

"आणि मी समजत होतो, बाईसाहेबांना तोरा चढलाय! अगं, सात वर्षं मी रुसून बसलोय या घरात!"

"रुसला होतात?" काकूंनी डोळे मोठे केले. "कधी?"

"कधी म्हणजे? सदानकदा! गॅलरीत तुझ्याकडे पाठ करून बसायचो की!"

"मला वाटलं, तुम्हाला गॅलरी आवडते."

काकांच्या तोंडून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग ते असे हसत सुटले, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हसता हसता ते डोळे पुसतच राहिले. त्या दिवसापासून काही बोलायचं असलं की ते उठून समोर यायला लागले. समोर गेलं की धड भांडताही येत नाही, एवढीच त्यांची तक्रार.

पुढे मालकांचा निरोप आला: सोमवारपासून दुकान उघडतंय, मास्क सक्तीचा. काकूंनी तो निरोप काकांपुढे धरला. "ओठच झाकले, तर मी वाचू काय?"

"सांगून टाक मालकांना."

"आणि आत डब्या पुसत बसू?"

सोमवारी काउंटरवर जाड काच उभी होती. खाली फ्रेम सरकवण्यापुरती फट. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे आडव्या अंगाचे एक गृहस्थ, तोंडावर एकावर एक दोन मास्क. मास्कचं कापड आत-बाहेर होत होतं, म्हणजे ते बोलत होते. काकूंनी त्या कापडाकडे निरखून पाहिलं. आज आपलं पितळ उघडं पडणार! हिय्या करून त्यांनी विचारलं, "परत सांगता का?"

तर त्या गृहस्थांनीच कानाला हात लावला. मग काचेला कान लावला. मालक धावत आले, त्यांनीही कानामागे पंजा धरला. गृहस्थ हातवारे करत होते, मालकांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, दोघंही एकमेकांकडे बघून माना हलवत होते. काकू बघतच राहिल्या. अरे देवा, आख्खं दुकान बहिरं झालंय!

सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यांवरचं ओझं खाली आलं. त्यांनी मोबाइल काढला, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि काचेला लावला: "काय हवंय ते मोबाइलवर लिहा, काचेला लावा."

गृहस्थांनी अंगठा उंचावला आणि भराभर लिहिलं: "मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते. जिन्यावरून दोनदा पडलो."

एवढंच ना! काकूंनी गाद्या अशा वळवल्या, की चष्मा बरोबर मास्कच्या काठावर बसून वाफेची वाट बंद. गृहस्थ कॅलेंडर वाचत, हात जोडत गेले. मालकांनी त्याच दिवशी काकूंच्या वाक्याची पाटी करून काचेला चिकटवली. मग आपल्या मोबाइलवर लिहून दाखवलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

काकूंनी लिहिलं, "असंच."

पुढचं दीड वर्ष, लोकांसाठी ते कसंही गेलं असो, काकूंना सुखाचं गेलं. "परत सांगा" म्हणायला लाजावं लागत नव्हतं. दिवसभर ओठांचा पाठलाग करून संध्याकाळी जे डोकं ठणकायचं, ते थांबलं.

आणि एक दिवस मास्क निघाले. मालक स्क्रू काढून काच उतरवत होते. "सुटलो बुवा एकदाचे! ही पाटीही काढतो आता."

"पाटी राहू द्या," काकू म्हणाल्या.

"कशाला?"

काकूंनी काउंटरची कड घट्ट धरली. "मला ऐकू येत नाही. साथीच्या आधी सात वर्षांपासून."

मालकांच्या हातातला स्क्रू घरंगळत गेला. "मग इतकी वर्षं गिऱ्हाइकांशी बोलत कशा होतात?"

"तोंडाकडे बघून. तुम्ही फार पुटपुटता, तेवढं जरा सुधारा."

मालकांचा विश्वास बसेना. ते तडक फुटपाथवर गेले, काचेचं दार लावून घेतलं आणि पलीकडून ओठ हलवले. काकूंनी दार उघडलं. "बारा गावचं पाणी प्यायलेली बाई आहे, असं म्हणालात."

मालक आ वासून उभे. "म्हणजे... इथे उभी राहून गिऱ्हाइकं माझ्याबद्दल जे बोलतात..."

"सगळं कळतं."

"काय बोलतात?"

"ते जाऊ द्या." मग काकूंचा आवाज बारीक झाला. "आता मला आत बसवणार?"

"आत?" मालक खेकसले. "आत बसून गिऱ्हाइकाचं तोंड दिसणार आहे का तुम्हाला? इथेच उभ्या राहा मुकाट्याने!" मग शिडीवर चढता चढता ते थांबले आणि मुद्दाम वळून, तोंड नीट उघडून म्हणाले, "रोज लोकांना सांगता ना, चष्म्यात लाजायचं काय म्हणून? मग स्वतःच्या कानाला का लाजता?"

काकूंनी घरंगळलेला स्क्रू शोधून त्यांच्या हातावर ठेवला.

आठवड्याभरात कानांमागे यंत्रं आली. सगळं नाही, पण निम्मंशिम्मं परत आलं. यंत्राला जागा व्हावी म्हणून काकूंनी स्वतःच्या चष्म्याच्या काड्यांना स्वतःच नवा बाक दिला. पाटी अजून तिथेच आहे.

यंत्र लावून घरी आल्या त्या संध्याकाळी काका गॅलरीत, पाठ करून बसले होते. सवयीने, अर्ध्या आवाजात म्हणाले, "अगं, चहा..."

"उठा आणि करा," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

काका इतके खूश झाले, की खरोखरच उठले.