कर्णफुलाच्या वजनाचा चाप

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यातली सर्वांत अचूक गोळी मारली ती चुकीच्या निशाणीवर, आणि तिचं सगळं श्रेय माझं आहे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते, मराठी चौथी पास होते आणि जगातलं बहुतेक सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती. (ती पुढे गेली. चौथीचं प्रमाणपत्र अजून आहे.) लग्न होऊन पिंपळगाव राजाला आले त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. नवरा नागपूरला कॉलेजात, सुट्टीपुरता घरी. घरात आम्ही तिघंच: मामाजी म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आणि सर्वज्ञ मी.

सुनेनं सासऱ्याशी सरळ बोलायचं नाही, ही त्या काळची पद्धत. जे काही असेल ते सासूमार्फत. मामाजी माझ्यापासून चार हातांवर बसलेले असायचे आणि म्हणायचे, "सूनबाईले सांग, चहात साखर कमी टाकत जाय." मग आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "चहात साखर कमी टाकत जाय म्हणतेत." मी म्हणायची, "हाव, आत्याबाई." आत्याबाई तिकडे वळायच्या, "हाव म्हणते." एवढं होईपर्यंत चहा थंड!

मामाजी मुळातच कमी बोलणारे. कपाशी, पाऊस आणि पाटीलकी यांबद्दल दिवसाला दहा वाक्यं, बस. पण त्यांच्याकडे एक टू-टू बंदूक होती. करंगळीच्या पेराएवढी तिची काडतुसं. शिकारीसाठी नव्हे, फक्त कागदाच्या निशाणीवर नेम धरायला. ती बंदूक मांडीवर घेऊन पुसायला बसले की हा माणूस गुणगुणायचा, हसायचा, तिच्याशी बोलायचा सुद्धा. मी दाराआडून ते बघायची. खरं सांगते, मला त्या बंदुकीचा हेवा वाटायचा. सरळ बोलणं तिच्या वाट्याला होतं, माझ्या नव्हतं.

दर हिवाळ्यात बुलढाण्याच्या मैदानावर जिल्ह्याच्या साहेबासमोर नेमबाजी व्हायची. पूर्वी मामाजी जिंकायचे. गेली तीन वर्षं मात्र धाडचे बापूसाहेब ढाल घेऊन जात होते. कारण मामाजींची उजवी तर्जनी! संधिवातानं ती अशी झाली होती की गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलासारखी दोन हाका मारल्यावर उठायची. बंदुकीचा चाप होता जड. तो ओढता ओढता नळीच उजवीकडे सरकायची. म्हणून मामाजींनी एक युक्ती काढली होती: बोट आधीच चापावर चांगलं टेकवायचं, नळी डावीकडच्या शेजाऱ्याच्या निशाणीवर धरायची, मग देवाचं नाव घेत घेत हळूहळू आपल्या निशाणीवर आणायची आणि जोर लावायचा. तरी गोळी उजवीकडेच!

त्या वर्षी एका संध्याकाळी ते आत्याबाईंना म्हणाले, "यंदाचं अखेरचं. नाई जमलं तं बंदूक लायसनीसकट जमा करून टाकतो."

"मंग दिवसभर करसान काय?"

"काय करीन? बसीन."

ते 'बसीन' मी दाराआडून ऐकलं. या घरात हसणारा एकच माणूस, तोही बंदूक पुसताना. तीच गेली तर?

आत्याबाईंनी आपला उपाय केला. स्पर्धेच्या दोन दिवस आधी मामाजींनी बंदूक रिकामी करून, पुसून, हळदकुंकू लावून देवघरात पाटावर ठेवली. आता मैदानावर पोचेपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. त्याच पाटासमोर आत्याबाईंनी हात जोडले आणि नवस बोलल्या, "हे जिंकत नाईत तोवर म्या तोंड उघडणार नाई. देवाचं नाव घेईन तेवढंच." आणि तिथल्या तिथे गप्प झाल्या!

मी पण माझा उपाय केला. नथीचा फासा बसवायला किसन सोनार दुसऱ्याच दिवशी घरी येणार होता. मामाजी शेतावर, आत्याबाई नवस बोलून दमल्यामुळे झोपलेल्या, आणि देवघर झाडायचं काम माझं. बंदूक लुगड्यात गुंडाळून मी पडवीत आणली.

किसन दोन पावलं मागे सरकला. "वहिनी, हे सोन्याचं काम नोहे!"

"नथीचा फासा करता न तुम्ही? इतका बारीक? मग हा चाप तर केवढा मोठा! फक्त हलका करा."

"पाटलाले इचारलं काय?"

"मी त्यांच्याशी बोलत नाही," मी म्हटलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

किती जड आहे ते मोजायला आम्ही दोरीनं चापाला पाण्यानं भरलेला तांब्या टांगला. चाप हलला नाही. बिचाऱ्या मामाजींचं बोट! किसननं चार मळसूत्रं काढली, आत काहीतरी घासलं, काहीतरी पुसलं, पुन्हा लावलं. आता तांब्यानं 'टक्' झालं. मी तांब्या अर्धा केला. त्यानं पुन्हा घासलं. टक्! मी वाटीवर आले. टक्! इथे शहाणी बाई थांबली असती.

"अजून थोडा हलका करा न. मामाजींची बोटं दुखतात."

"अजून? वहिनी, बस करा."

शेवटी मी कानातलं कर्णफूल काढून टांगलं. टक्!

किसननं कपाळाचा घाम पुसला. "आता माशी बसली तं सुटन, पाहजा. पाटलाले सांगजा बरं, नाई तं घोटाळा होईन."

"सांगते," मी म्हटलं, आणि बंदूक पाटावर नेऊन हळदकुंकवाची बोटं पूर्वीसारखी उमटवली. सांगणार होतेच, पण जिंकल्यावर! ढाल हातात आली की कोणीतरी विचारेल, हे कसं झालं हो पाटील? मग मी दाराआड नम्रपणे उभी असेन. (मी आरशासमोर नम्रपणे उभं राहून पाहिलं होतं. छान दिसत होतं.)

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सर्व्हिस मोटारीनं निघालो. मामाजी पुढे, बंदूक खोळीत. घाट लागला, मोटार वळणं घेऊ लागली आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा एक विचार शिरला: मामाजी तर बोट आधीच चापावर टेकवतात! चांगलं जोरानं! देवाचं नाव घेऊन होईपर्यंत!

माशी बसली तं सुटन.

मी आत्याबाईंच्या कानात सगळं सांगून टाकलं. तांब्या, वाटी, कर्णफूल, सगळं. त्यांचे डोळे मोठमोठे होत गेले. तोंड उघडलं, मिटलं. मग त्या पुढे वाकल्या, मामाजींचा खांदा हलवला आणि कळवळून म्हणाल्या, "राम!"

मामाजींनी वळून पाहिलं. "काय झालं वं?"

"राम राम! राम राम राम!" आत्याबाईंनी तर्जनी वाकवून दाखवली, तिच्यावर फुंकर मारली आणि दोन्ही हात हवेत उडवले.

मामाजींचा चेहरा उजळला. "हाव, हाव. बोट टेकवून देवाचं नाव घेतो न मी. तू म्हणतं तं आज जास्त घेतो."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. मामाजींना वाटलं, नमस्कार केला.

मैदानावर बायकांसाठी कनात लावली होती. तिच्या फटीतून आम्ही दोघी बघत होतो. बापूसाहेबांनी आपल्या पाच गोळ्या मारून घेतल्या होत्या. चार बरोबर मध्ये, एक पार काठावर. म्हणजे आमच्या माणसाला संधी होती! शेजारच्या सतरंजीवर मामाजी पालथे झोपले. बंदूक खांद्याला लावली. नळी डावीकडे, बापूसाहेबांच्या निशाणीवर. डोळे मिटले. ओठ हलले. बोट टेकवलं...

फट्!

मामाजींनी डोळे उघडले आणि पंचांपेक्षा जास्त आश्चर्यानं बंदुकीकडे पाहिलं. तिकडून निशाणी बघणारा शिपाई ओरडला, "बापूसाहेबांच्या निशाणीत! बरोबर मधोमध!"

"राम!" आत्याबाई म्हणाल्या.

मामाजींनी दुसरी गोळी भरली. गडबडले होते, म्हणून बोट आणखी घट्ट टेकवलं. फट्! दहा हातांवरच्या मातीचा धुरळा उडाला. तिसरी निशाण्यांमागच्या बांधावर उभ्या केलेल्या झेंड्याच्या काठीला लागली. झेंडा खाली आला. लोक हसायला लागले. साहेबसुद्धा रुमालात हसला.

मामाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी बंदूक सतरंजीवर ठेवली आणि आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहत राहिले. एखाद्या जुन्या मित्रानं दगा दिल्यावर माणूस पाहतो ना, तसं. अजून दोन गोळ्या होत्या आणि ते उठायला लागले होते. ते पाहणं मला अजूनही जड जातं. त्या बोटाचा काही दोष नव्हता, आणि हे जगात तिघांनाच ठाऊक होतं. एकीनं तोंड शिवून घेतलेलं, एक पिंपळगावात नथी जोडत बसलेला, आणि तिसरी मी.

मी कनातीवर रेलले आणि जीव खाऊन ओरडले, "मामाजी! तुमचं बोट चांगलं आहे! चाप हलका केलाय मी! बोट बाहेर ठेवा, नेम धरा, मग नुसतं लावा!"

त्याच क्षणी कनात पडली. तिच्यासकट मी. आणि माझ्या मागच्या अकरा बायका जिल्ह्यासमोर उघड्यावर!

सगळं मैदान वळून बघायला लागलं. सून सासऱ्याशी बोलली. बोलली कसली, ओरडली! मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बंदुकीकडे. पुन्हा पालथे झोपले. बोट बाहेर. नळी सरळ आपल्या निशाणीवर. मग बोट नुसतं लावलं. फट्! मधोमध. पाचवी गोळी चौथीच्याच भोकातून गेली.

अर्थात हरलो. बापूसाहेबांच्या कागदावर भोकं सहा निघाली. पंचांनी बराच वेळ खल करून त्यातली चांगली पाच धरली. म्हणजे त्यांना मिळालेल्या ढालीत एक गोळी मामाजींची! बापूसाहेब मोठ्या मनाचे. येऊन म्हणाले, "पाटील, असा पाहुणचार कोणी केला नव्हता आमचा."

परतताना मोटार पुन्हा घाटातून निघाली. (जाताना मामाजींना चिठ्ठी लिहून देता आली असती, हे मला तिथे सुचलं. चौथी पास!) मग मामाजी पुढे बघतच म्हणाले, "सूनबाई."

सरळ. मलाच.

"काय टांगून पाह्यलं होतं?"

"कर्णफूल," मी म्हटलं.

त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. पण नाही, बंदूक पुसताना हसायचे तसे हसत होते. "पुढच्या साली वाटी टांगू. अर्धी भरून."

पुढच्या साली! म्हणजे बंदूक जमा होणार नव्हती! आणि नेमकं तेव्हाच शेजारून क्षीण आवाज आला, "राम..."

नवस! जिंकेपर्यंत तोंड उघडायचं नाही! म्हणजे अजून एक वर्ष!

त्या वर्षात मामाजींशी बोलायला घरात मीच उरले. शेतावरचे निरोप, पाहुण्यांची विचारपूस, चहातली साखर, सगळं थेट. आधी चाचरत, मग सरळ, मग न विचारता. संध्याकाळी ते बंदूक पुसायचे, मी वाटीत पाणी मोजायची, आणि बोलणं चालू. पुढच्या हिवाळ्यात किसननं पुन्हा बसवलेल्या, अर्ध्या वाटीच्या चापावर मामाजींनी पाचही गोळ्या मधोमध मारल्या.

ढाल घेऊन ते आमच्याकडे आले. मी त्यांना, आत्याबाईंना आणि आसपासच्या सगळ्या बायकांना तो चाप कसा बसवला ते सांगत होते. आत्याबाईंनी हात जोडले, डोळे पुसले, आणि वर्षभर पोटात साठवलेलं पहिलं वाक्य बोलल्या, "हिले आता कोणी तरी चूप बसवा!"

त्याला आता साठ वर्षं व्हायला आली. मला चूप बसवण्यासाठी मात्र घरात कोणीही नवस बोललेलं नाही. तो फिटायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.