राखण कोणाची सुटली

तिगावच्या उत्तमची ओळख सांगायची तर आधी त्याच्या डाव्या हाताची सांगावी लागते. कबड्डीच्या मैदानात तो डाव्या कोपऱ्याच्या शेजारी उभा राहायचा आणि त्याचा डावा हात कोपऱ्यावरच्या गड्याच्या हातात असायचा. चढाईवाला पुढं आला की दोघं एका जिवासारखे सरकायचे. तिगावपासून सौंसरपर्यंत माणसं म्हणायची, उत्तमचा हात सुटत नाही. हे ऐकून त्याची छाती भरून यायची, आणि का न यावी? ज्याच्या नावावर वावर नाही, त्याला गावानं दिलेलं असं एखादं नाव वावरासारखंच जपावं लागतं.

मग गुडघा गेला. मैदान सुटलं. पदवी होती, पण पदव्या काय, जवळच्या पांढुर्ण्यात सरकीच्या पोत्यांइतक्या आहेत. अशात त्याला एक अजब नोकरी लागली. तिथल्याच बाजारातल्या बियाण्याच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर, नागपूरच्या एका कंपनीनं संगणक मांडून ठेवले होते आणि त्यांवर काम यायचं थेट अमेरिकेहून.

अमेरिकेत एक फुटबॉल खेळतात, त्यात पायाचं काम थोडं आणि अंगाचं फार. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. अकरा इकडं, अकरा तिकडं. एका बाजूनं चेंडू पुढं न्यायचा, दुसरीनं अडवायचा. अडवणारे कधी एकेका गड्याला धरून राहतात, तर कधी मैदानाचे तुकडे वाटून घेतात आणि जो तो आपला तुकडा सांभाळतो. त्यांचे रविवारचे सामने आपल्या सोमवारी सकाळी पांढुर्ण्याला पोचायचे. प्रत्येक खेळी थांबवून, मागंपुढं करून पाहायची आणि लिहायचं, की बेत काय होता, तो कुठं फाटला आणि कोणामुळं फाटला. तिकडच्या संघांना हा हिशेब हवा असतो. आपल्याच माणसाची चूक आपल्याला दिसत नाही, त्यासाठी सात समुद्रांपलीकडचा डोळा लागतो, हे त्या लोकांना बरं कळलेलं.

या कामात उत्तम पहिला. अंगाची भाषा त्याला येत होती. गडी कोणत्या पायावर भार देतो, खांदा कुठं वळतो, यावरून पुढचं तो सांगायचा. मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्याला त्यानं नाव दिलं कोपरा आणि चेंडू फेकणाऱ्याला फेक्या. त्याची नावं साऱ्या ऑफिसनं उचलली. कोपरा चुकला, कोपऱ्यानं सोडला, असं दिवसभर चालायचं. उत्तमला वाटायचं, मैदान पुन्हा मिळालं.

मग त्यानं स्वतःच आपली बायको या कामाला आणली. तिचं नाव प्रज्ञा. घरी ताटात फुटाणे मांडून त्यानं तिला सगळा खेळ शिकवला. ती विचारायची, तो सांगायचा. त्या दिवसांत तो फार सुखी होता. शिकवणाऱ्याचं सुख मोठं गोड असतं, पण ते शिकणारा मागं असेपर्यंतच टिकतं.

प्रज्ञा सौंसरकडची. तिचे वडील भाऊराव दुसऱ्यांच्या संत्राबागा राखायचे आणि फळ भरलं की सगळी लेकरं बागेत उभी राहायची. एकेकाला एकेक बाजू. माकडांची टोळी हुशार. दोन-चार माकडं एका कडेला धिंगाणा घालायची. सगळे तिकडं धावले, की उरलेली टोळी दुसऱ्या बाजूनं आत. भाऊराव म्हणायचे, "आवाज कुठंबी होऊ दे, आपली बाजू सोडाची नाही." ज्यानं सोडली त्याला त्या दिवशी शिव्या पडायच्या, मग माकडं कोणत्याही झाडावर का चढेनात.

म्हणून मैदानात सगळ्यांच्या मागं उभ्या राहणाऱ्या गड्याला प्रज्ञानं पाहिल्याबरोबर नाव दिलं, राखण्या. तेही साऱ्या ऑफिसनं उचललं. उत्तम हसला खरा, पण कुठंतरी बारीक काटा रुतला. नावं ठेवण्याचा मान आतापर्यंत त्याचा होता.

ऑफिसची एक रीत होती. प्रत्येक सामना दोघांनी वेगवेगळा पाहायचा. मधे बोलायचं नाही, एकमेकांच्या पडद्याकडं पाहायचं नाही. जिथं दोघांचं लिहिलेलं जुळत नाही, तिथं तेजस्विनी मॅडमसमोर बसून वाद घालायचा. तेजस्विनी नागपूरची, इथली प्रमुख. या बैठकीला पोरं पंचनामा म्हणायची. पंचनाम्यात नाव घेऊन बोलावं लागायचं, आणि प्रज्ञा नवऱ्याचं नाव घेत नव्हती. तशी शिकलेली होती, पण जिभेला सवय नव्हती. मग ती म्हणायची, "तीन नंबरचं म्हणणं चूक आहे." तीन नंबर म्हणजे उत्तमचं टेबल. तिचं सात नंबर.

आधी महिन्यातून एखाद्या वेळी तीन नंबरचं म्हणणं चूक निघायचं. मग दर सोमवारी निघू लागलं.

संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागतो तेव्हा वरून काही कळत नाही. पानं हिरवी, सावली गार. बुंध्याशी मात्र साल तडकते आणि आतला जीव थेंब थेंब बाहेर येतो. उत्तमचं तसं झालं. तो घरी हसायचा, भाजी आणायचा, गाडी पुसायचा. पण प्रज्ञा मान तिरकी करून पडदा पाहू लागली की त्याच्या पोटात आग पडायची. तिची ती शांत नजर त्याला हवी होती. तिनं घाई न करता कळ दाबणं हवं होतं. रस्त्यात कोणी तिला "मॅडम" म्हटलं, तर तो शब्द आपल्या खिशातून चोरीला गेल्यासारखा त्याला वाटायचा.

त्यात मयूर. शेजारच्या टेबलावरचा, तोंडाचा मोकळा. चहाच्या टपरीवर म्हणायचा, "उत्तमभाऊ, गुरूले फी तरी देते का नाही वहिनी?"

"चहा पी बे गुपचूप."

"पिऊन राहिलो न. पण साखर तुमाले जास्त लागते आजकाल. तोंड कडू दिसून राहिलं."

सगळे हसायचे. उत्तमही हसायचा, आणि चहा अर्धा टाकून उठायचा.

अशात नागपूरहून निरोप आला, इथं एक तपासनीस नेमायचा आहे. सगळ्यांनी लिहिलेलं त्यानं तपासायचं आणि चूक असेल ते परत पाठवायचं. जागा एक, आणि नावं दोनच उरली होती. तीन नंबर आणि सात नंबर. तेजस्विनी म्हणाली, सोमवारचा एकच सामना दोघंही पाहा, पंचनाम्यात ज्याचं टिकेल त्याची जागा.

त्या सोमवारी उत्तमनं सकाळी नीट जेवणही केलं नाही. ही जागा गेली तर उद्यापासून आपलं लिहिलेलं आपलीच बायको तपासणार, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तिगावात कोणी विचारलं तर काय सांगायचं? त्यानं सामना पाहिला तो दात आवळून.

पंचनाम्याला मयूरसकट तीन-चार जण खुर्च्या ओढून बसले. तेजस्विनी म्हणाली, "सगळा सामना जुळला आहे. एक खेळी सोडून. लांब फेक गेली, गडी एकटाच पळत सुटला, सरळ शेवटच्या रेषेपार. तीन नंबर लिहितो कोपरा चुकला. सात नंबर लिहिते राखण्या चुकला. आधी तीन नंबर बोला."

उत्तमनं टीव्हीवरचा व्हिडिओ लावला. त्यात कॅमेरा चेंडूमागं पळतो. "यात काय सांगाचं मॅडम? हा कोपरा पाहा. गडी याच्या अंगाजवळून गेला, यानं हात लावला आणि सोडून देल्ला. मंग मागं मागं पळून राहिला. हातात आलेला गडी सोडला कायले?"

"कबड्डीत असा सोडला असता तर गावात येऊ नसतं देल्लं," मयूर म्हणाला.

"आता सात नंबर."

प्रज्ञा म्हणाली, "उंचावरचं लावा न मॅडम."

उंचावरच्या व्हिडिओत चेंडू बारीक दिसतो, पण बावीसही माणसं एकदम दिसतात. त्यात माणसांची तोंडं दिसत नाहीत, म्हणून उत्तमला तो आवडत नसे. तेजस्विनीनं तो लावला आणि प्रज्ञानं पडद्यावर बोट ठेवलं.

"मैदान वाटून घेतलं होतं यायनं. कोपऱ्याची बाजू समोरची, राखण्याची मागची. आता फेक्याकडं पाहा. त्यानं चेंडू जवळच्याले देल्ल्यासारखं केलं, देल्ला नाही. आणि राखण्या त्या खोट्या देण्यावर पुढं धावला. मागची बाजू उघडी. कोपऱ्यानं गडी सोडला तो मागं राखण आहे या भरवशावर सोडला. त्याचं काय चुकलं?"

उत्तमनं पाहिलं. खरं तर ती बोलायच्या आधीच, व्हिडिओ सुरू होताक्षणी त्याला दिसलं होतं. राखण्याचं ते पुढं झुकणं, खोट्या आवाजावर धावणं, आणि मागं पसरलेलं मोकळं हिरवं मैदान. फेक पोचायच्या कितीतरी आधी खेळी फाटली होती. त्यानं जिथं चेंडू पडला तिथं दोष शोधला होता. हाताजवळचा माणूस दोषी, हे त्याचं आयुष्यभराचं गणित.

तरी तो म्हणाला, "राखण्या पुढं गेला हे कबूल. पण सोडाच्या आधी कोपऱ्यानं मागं पाहाले नको? हे मैदानात उभं राहिल्यावर समजते मॅडम. खुर्चीत बसून नाही समजत."

हा टोला कोणाला, हे सगळ्यांना कळलं. तेजस्विनी अडखळली. "तुम्ही खेळलेले आहात, ते तर आहेच," ती म्हणाली आणि तिनं प्रज्ञाकडं पाहिलं. "सात नंबर?"

प्रज्ञानं नवऱ्याकडं एकदा पाहिलं. मग पडद्यावरचं बोट काढून घेतलं. "राहू द्या मॅडम. तीन नंबरचंच लिहा. त्यायनं खेळ खेळला आहे, मी नाही खेळली."

उत्तम जिंकला होता. आता पोटातली आग विझायला हवी होती, पण ती आणखीच भडकली. प्रज्ञाच्या त्या एका नजरेत त्याला दिसलं, की आपल्याला खरं काय ते कळलं आहे, हे तिनं ओळखलं आहे. लहानपणी माकडांच्या कल्लोळात, उन्हात जी पोर आपल्या बाजूवरून हलली नाही, तिनं आज आपली बाजू सोडली होती, आणि तीही त्याच्यासाठी. रडणाऱ्या लेकराच्या हातावर पेढा ठेवावा तशी तिनं ती जागा त्याच्या हातावर ठेवली होती. एवढं देता येणं, आणि देऊन इतकं शांत बसता येणं, हेही तिच्याचजवळ होतं. त्याचाही त्याला हेवा वाटला. सगळ्यांत जास्त त्याचाच.

तेजस्विनी लिहू लागली तसा तो खेकसला, "कायले लिहिता माझं? चूक आहे ते. राखण्याच चुकला."

तेजस्विनीची बोटं थांबली.

"मंग इतका वेळ काय सांगून राहिले होते भाऊ?" मयूर म्हणाला.

"मले हाराचं नव्हतं," उत्तम म्हणाला. "आता समजलं? लिहा."

कोणी हसलं नाही. मयूरनंही खाली पाहिलं. जागा सात नंबरला गेली.

संध्याकाळी गाडीवर प्रज्ञा मागं बसली. रेल्वे फाटकाशी गाडी थांबली. मालगाडी इटारसीकडं जात होती, डब्यामागून डबा. तिला आनंद झालेला दिसत नव्हता.

"सगळ्याइच्या समोर असं बोलाची काय गरज होती?"

"तू काऊन सोडलं?"

"घरी जेवाले तुमच्यासंगच बसाचं आहे मले, म्हणून."

"म्हणून खोटं लिहून घेतलं असतं?"

"हो," ती म्हणाली. "आजचा दिवस घेतलं असतं."

मालगाडी सरत नव्हती. तो समोर पाहतच म्हणाला, "पुन्हा नको सोडू. मले भीक वाटते ते."

"आणि तुमचं जळणं? ते मले रोज दिसते. कपाळावर लिहिलेलं असते."

"जळून राहिलो तर जळून राहिलो. त्याले तू काय करशील? मीच काही करू नाही शकून राहिलो."

फाटक उघडलं. गाडी सुरू करताना तिचा हात त्याच्या खांद्यावर आला, नेहमीसारखा, आणि त्यानं तो झटकला नाही. घर आलं. पोळ्या झाल्या, वरण झालं, दोघं समोरासमोर जेवले, आणि मीठ कमी असूनही कोणी मागितलं नाही.

पुढच्या सोमवारी प्रज्ञा काचेमागच्या लहान खोलीत बसली. उत्तम आपल्या टेबलावर. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच टीव्हीचा व्हिडिओ बाजूला ठेवून आधी उंचावरचा उघडला. प्रेमानं नाही. तिला बोट ठेवायला जागा मिळू नये, एवढाच हट्ट. मागच्या गड्यापासून सुरुवात करायची, त्याचे खांदे पाहायचे, मग पुढं यायचं, आणि चेंडू सगळ्यांत शेवटी. काम दुप्पट झालं. डोळे चुरचुरले. पण मैदान असं पसरलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यात इतकं काही घडतं हे त्याला ठाऊक नव्हतं. राग आला तो याचाच, की हे ती रोज पाहत होती.

दुपारी सगळ्यांचं परत आलं. मयूरचं भरपूर. उत्तमचं एक, 'राखण्या चुकला' असा प्रज्ञाचा शेरा घेऊन. त्यानं ते वाचलं, खेळी काढली, उंचावरून पाहिली, पुन्हा पाहिली. या वेळी त्याला जे दिसत होतं ते तिला दिसलेलं नव्हतं. कोपऱ्यानं गडी सोडला होता आणि मागं राखण्या आपल्या जागी घट्ट उभा होता, पण त्याच्या वाट्याला एका वेळी दोन गडी आले होते. इथं दोष बेतातच होता, माणसात नव्हता.

तो उठला, काचेच्या दारात जाऊन उभा राहिला.

"पंचनामा पाह्यजे मले," तो म्हणाला.

प्रज्ञानं मान वर केली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर तीच नजर आली, माया आणि माघार यांच्या मधली. उत्तमनं ती ओळखली आणि त्याचे डोळे बारीक झाले. मग तिनं ती नजर बाजूला ठेवली. पडदा त्याच्याकडं वळवला.

"बसा," ती म्हणाली. "पण माझं बरोबर आहे."

"पाहू न," म्हणत उत्तमनं खुर्ची ओढली.