तळपायाचे कान

गिरीज गावच्या जयवंतीचे कान तापात गेले, त्याला दोन पावसाळे उलटले होते. वालीवच्या पत्र्याच्या कारखान्यात मात्र कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर ती अनवाणी उभी राही. शत्रुघ्न यंत्रामागून हात घालून आतला कचरा काढी. तो तिला दिसत नसे. म्हणून हात घालण्याआधी तो जमिनीवर पाना दोनदा आपटी; ते ऐकलं की कामगारानं पेडलवरचा पाय उचलायचा. बाकीच्या बाया ते कानानं ऐकत. जयवंती तळपायानं ऐके.

सोमवारी सगळ्यांना बूट मिळाले, जाड रबरी तळाचे. अनवाणी दिसेल त्याला घरी पाठवणार, असं फळ्यावर लिहिलं होतं.

"मडम झाली गं आपली जयवंती," शेजारच्या प्रेसवरची रंभा म्हणाली. ओठांवरून थट्टा ओळखून जयवंती हसली. पण बुटाखाली जमीन मुकी झाली होती. दर खेपेला ती वाकून यंत्रामागे बघे, मगच पेडल दाबी. काम मागं पडत चाललं. मानेवरून घाम उतरत राहिला.

दुपारी एकदा वाकायचं राहिलं. पाय खाली जाणार, तोच रंभानं दंडाला धरून तिला मागं ओढलं. यंत्रामागून शत्रुघ्न पांढराफटक होऊन बाहेर आला. हात शाबूत होता.

मुकादम फर्डिनंड समोर येऊन उभा राहिला. "दोनदा पाना आपटला त्यानं. ऐकलं नाहीस?"

"ऐकू येत नाय, दादा. दोन वर्सं झाली. पायानं समजायचं. आता हे बूट..."

"सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर ठेवली असती?"

फर्डिनंडनं तिच्या बुटांकडे पाहिलं.

"पान्याच्या जागी माज्यासमोर दिवा लावा," ती म्हणाली. "हात घालायच्या आधी शत्रुघ्न तो पेटवंल. डोळे हायेत मला."

"मालकांना विचारतो. डॉक्टरचा कागद आण."

तो कागद तिनं तांदळाच्या पिंपात दडवला होता. दुसऱ्या सकाळी तोच मालकाच्या हातात होता. केबिनच्या काचेबाहेरून जयवंती ओठ वाचत राहिली. 'बहिरी' कळलं, 'जोखीम' कळलं. मग मालकानं पाठ फिरवली आणि तिचं ऐकणं संपलं.

राहवेना, तेव्हा तिनं एक बूट काढला. गार लादीवर पाऊल टेकलं आणि तळव्याला ठकठक जाणवली. दोनदा नव्हे, ती थांबतच नव्हती. जयवंती वळली. तिच्या प्रेसजवळ शत्रुघ्न स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होता. खांद्यावर वायरचं वेटोळं, खिशात लाल बल्ब.

फर्डिनंड केबिनमधून बाहेर आला. तिला ओठ दिसतील असं, सावकाश म्हणाला, "महिनाभर बघू म्हणालेत. आधी बूट घाल."