उंबऱ्याबाहेरचं खाकरणं

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्यानंतर वर्षभरात सासूबाई गेल्या. मी तेव्हा भनपुरीकडच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. ट्रकांच्या धुळीतून स्कूटरवर घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नसे.

आमच्या घरात सासरा सुनेशी बोलत नसे. रेल्वेतून निवृत्त झालेले माझे सासरे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन खाकरत, आत कधी पाऊल टाकत नसत. त्या खाकरण्याचा अर्थ सासूबाईंनाच कळे. "चहा मांड वं," नाहीतर "त्यायले जेवाले वाढ," असं त्या मला सांगत आणि मी कामाला लागे. अ‍ॅड्रेनॅलिन शिकवताना मी मुलांना हाच दाखला देई. हे संप्रेरक यकृताच्या पेशीत शिरत नाही, दाराशीच खूण करतं. मग आत सायक्लिक एएमपी नावाचा दुसरा निरोप्या तयार होतो, तो निरोप पुढे पोचवतो आणि साठवणीतली साखर रक्तात उतरते. निरोप्याच नसेल तर काय, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

सासूबाईंच्या माघारी सासरे खाकरले की मी अंदाजाने चहा ठेवी. एका संध्याकाळी ते तीनदा खाकरले. पाच तास बोलून माझा घसा बसला होता. मला रागच आला, एवढी काय घाई! मधुमेही माणूस, म्हणून बिनसाखरेचा चहा उंबऱ्यावर ठेवला आणि पाठ फिरवली.

कप फुटला. वळून पाहिलं तर ते चौकट धरून उभे, सदरा घामाने ओलाचिंब, हात लटलट कापत होते. गोळी घेतली होती, जेवण राहिलं होतं, साखर पार उतरली होती. ही सगळी लक्षणं मी सकाळीच फळ्यावर लिहिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी त्यांना खाली बसवलं, पाण्यात साखर कालवून ते हाताने पाजलं. हात कापायचे थांबल्यावर मी पहिल्यांदाच त्यांना तोंडावर विचारलं, "मामाजी, हाक काहून नाही मारली?"

ते फुटक्या कपाचे तुकडे गोळा करू लागले.

"काय म्हणून हाक मारू, पोरी? सतरा वर्षांत तुले कोन्त्याच नावानं बोलावलं नाही म्या."