पाणी झालेली पोर

विज्ञानाच्या मास्तरांनी मला फसवलं. माझ्या मुलीच्या हृदयाला भोक आहे, झाडाच्या धड्याच्या खेळात तिला पळायला लावू नका, असं मी भांडून कबूल करून घेतलं होतं. प्रत्येक वाक्यावर टाळी वाजवायची त्यांची सवय. टाळी देऊन म्हणाले, "खेळात सूर्य करतो तिला. सूर्य जागचा हलत नाही, निर्धास्त जा!"

काल आंब्याच्या पेट्या पोचवून शाळेवरून येताना पाहिलं. मैदानात मुलं हात पसरून पानं झाली होती आणि माझी पोर पाणी होऊन मुळांकडून पानांकडे धावत होती. ओठ निळे पडलेले, तरी हसत होती.

"बाबा, मी थांबले तर पानं सुकतील!"

मी मास्तरांकडे वळलो.

"तीच मागे लागली हो," मास्तर म्हणाले. "बसून कंटाळली."

पोरीच्या हट्टापायी मला दिलेला शब्द मोडलात. तिला काही झालं तर जाब कोण देणार, मास्तर?